पन्नासावा तेवढा माझा

अजूनही एखादं अवघड इंग्रजी स्पेलिंग लिहायचं असलं की आधी माझा उजवा हात हवेत फिरतो. बँकेत होते तेव्हा काउंटरपलीकडची माणसं टकामका बघत राहायची. बाई माशा हाकलतायत की काय! एका आजोबांनी तर मला पुडीत बांधून अंगारा आणून दिला होता. घ्या म्हणे, माझ्या सुनेलाही असंच होत होतं. आता त्यांना काय सांगणार, की आजोबा, ही बाधा नाही, धुळ्याच्या छापखान्यात लागलेली सवय आहे.

ती सवय लावणाऱ्या माणसाला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. ते पेशाने जुळारी. हा शब्द आता मेलाच, म्हणून सांगते. तेव्हा छापायचा मजकूर म्हणजे शिशाचं एकेक अक्षर. त्याला खिळा म्हणत. लाकडी पेटीत प्रत्येक अक्षराचा वेगळा खण. जुळाऱ्याने डाव्या हातात लोखंडी पट्टी धरायची, तिचं नाव स्टिक, आणि उजव्या हाताने खणातून खिळे उचलून ओळ बसवत जायचं, तीही उलटी. भाऊंचा हात असा चाले की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस ज्वारी निवडतोय.

छापखाना चार नंबरच्या गल्लीत होता. मालक शेठजी आठला यायचे. त्याआधी, सकाळी सहा ते आठ, त्यांनी भाऊंना जागा वापरू दिली होती, आणि तिथे भाऊ आम्हाला इंग्रजी शिकवायचे. बँकेची क्लार्कची परीक्षा, रेल्वेची, सरकारी खात्यांची, ज्या ज्या परीक्षेत इंग्रजीचे पन्नास प्रश्न येऊन आमच्यासारख्यांची दांडी उडायची, त्या सगळ्यांसाठी. सहा वाजून एक मिनिटाने आतून कडी लागे. बाहेर कुणी कितीही गयावया केली तरी भाऊ दाराच्या फटीतून एवढंच म्हणत, "उद्या भेटू साहेब." आम्हाला ते अहोजाहो करायचे, पोरींना ताई आणि पोरांना साहेब. "उद्या तुम्ही खुर्चीवर बसणार. तेव्हा जीभ वळवायला मला जड जाईल. आतापासून सवय ठेवतो."

फी नव्हती. फीच्या जागी एक काम होतं. आदल्या दिवशी जमिनीवर सांडलेले खिळे वेचायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. पहिल्या दिवशी मला इतका राग आला म्हणता! बी.ए. झालेली पोरगी मी, आणि इथे गुडघ्यावर बसून शिसं वेचतेय. महिनाभराने लक्षात आलं की इंग्रजी पेटीतला खण अन् खण माझ्या हाताला पाठ झालाय. मधोमध सगळ्यात मोठा खण 'ई'चा, कारण तोच सर्वांत जास्त लागतो. क्यू, एक्स, झेड ही मंडळी कडेकोपऱ्यात. आणि मग भाऊ स्पेलिंग शिकवत ते असं, की पेटीसमोर उभं करायचे, डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, "नेसेसरी जुळवा." हात एकदा सीच्या खणाकडे जायचा आणि दोनदा एसच्या. "तोंडाला विचारू नका. तोंड फसवतं. बोटाला विचारा."

त्यांचं स्वतःचं तोंड तर फारच फसवायचं. ते नाईफला क-नाईफ म्हणत आणि वेन्सडेला वेड-नेस-डे. न उच्चारायची जेवढी अक्षरं असतील तेवढी ठणकावून उच्चारायची. शेठजींचा पुतण्या कॉन्व्हेंटात शिकलेला. तो एकदा पोट धरधरून हसला. भाऊ शांतपणे म्हणाले, "न बोलणाऱ्या अक्षरालापण शिसं तेवढंच लागतं, साहेब. जागा धरून बसतं ते. काढून बघा, ओळ ढिली पडते." पुतण्याला काही कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

रोज सकाळी ते प्रत्येकाच्या हातावर एक इंग्रजी शब्द ठेवत, आणि संध्याकाळच्या आत तो धुळ्याच्या बाजारात कुठेतरी खरोखर वापरून यायचा असा दंडक होता. फैजपूरचा एक मुलगा आमच्यात होता, केळीच्या बागायतदाराचा. धुळ्यात मामाकडे राहायचा. त्याला 'अ‍ॅब्सर्ड' मिळाला, तो त्याने शेवभाजीवाल्याला ऐकवला आणि वर तिखट वाढवून घेतलं. मला एकदा 'रिलक्टंट' मिळाला. मी घरी जाऊन म्हटलं, "बाबा, मी लग्नाला रिलक्टंट आहे." बाबांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे? कुठं दुखतंय?" आईने कपाळावर हात मारला.

समोरच्या चहाच्या टपरीवर भाऊ पेपर कधी विकत घेऊन वाचत नसत. जो वाचत बसला असेल त्याच्या समोरच्या बाकावर जाऊन बसायचे आणि उलटा वाचायचे. जुळाऱ्याला उलटंच सुलटं. पुष्कळदा समोरच्याने पान उलटायच्या आत हे म्हणत, "थांबा थांबा, खालची चार ओळीची बातमी राहिली." लोक त्यांना जरा सैलच समजायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. भाऊंच्या वर्गाची ख्याती त्यांच्या सराव-कागदांमुळे होती. बाजारात गाइडं मिळत, पण ती लांबच्या शहरांत छापलेली, दोन-तीन वर्षं शिळी. आणि खऱ्या परीक्षेत तर प्रश्नपत्रिका परत घेत. बाहेर नेली तर गुन्हा. काय विचारलं होतं हे सांगणार कोण? भाऊंच्या कागदावर मात्र मागच्या परीक्षेतले इंग्रजीचे पन्नासच्या पन्नास प्रश्न, चारी पर्यायांसकट, क्रमाने. ते कागद म्हणजे फसलेल्या लग्नपत्रिका. पुढे प्रश्न, पाठीमागे गणपती आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. कुठल्या पत्रिकेत नवरदेवाचं नाव चुकलेलं, कुठे मुहूर्त. आम्ही प्रश्न सोडवून झाले की मागची चूक शोधायचो.

आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी, बारीक टाइपात, एक ओळ असे. 'प्रश्न आणणार : एक परीक्षार्थी.'

मी जात्याच चौकस. आमची आई म्हणायची, ही पोलिसात जायची ती चुकून बँकेच्या परीक्षा देते. मला त्या ओळीने पछाडलं. हा एक परीक्षार्थी कोण? एवढं सगळं डोक्यात भरून आणणारा महाभाग आहे तरी कुठला? आणि एवढी बुद्धी आहे तर लागला कसा नाही कुठे? भाऊंना विचारलं तर म्हणाले, "असतो एकेक." फैजपूरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "तुला प्रश्न सोडवायचेत का त्याच्याशी लग्न लावायचंय?"

त्याच सुमारास मला दुसरीही गोष्ट कळली. भाऊ स्वतः दर वर्षी बँकेच्या परीक्षेला बसत आणि दर वर्षी नापास होत. सहा वर्षं. शेठजी तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमचा भाऊ म्हणजे मैलाचा दगड. बठ्ठास्ले, अगदी सगळ्यांना, गाव दाखवतो, स्वतः जागचा हलत नाही!" भाऊही हसत. मला ते हसणं खटकायचं. ज्याच्या वर्गातून दर वर्षी दोघं-तिघं लागतात, तो माणूस साधी लेखी परीक्षा पास होत नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

उलगडा झाला तो जळगावात. माझी पहिली खेप. सगळ्यांचे फॉर्म भाऊच एका दिवशी टपालात टाकत, त्यामुळे आमचे नंबर जवळजवळ आले. पुढच्या ओळीत, जरा तिरपे, भाऊ. पेपर सुरू झाला, मी दणादण पेन्सिलीने गोल काळे करत सुटले. मध्येच सहज मान वर केली. भाऊंची उत्तरपत्रिका बाकाच्या कडेला तशीच पडलेली, कोरी. ते प्रश्न वाचत, डोळे मिटत, आणि त्यांचा उजवा हात बाकावर फिरे. मधल्या खणात, वरच्या खणात, कोपऱ्यातल्या खणात. डाव्या हातात स्टिक धरल्यासारखी मूठ. माणूस परीक्षा देतच नव्हता. प्रश्नपत्रिका जुळवत होता.

परतीच्या एस.टी.त मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले.

"भाऊ, एक परीक्षार्थी म्हणजे तुम्हीच ना?"

"खिडकी लावा ताई. धूळ येते."

मी खिडकी लावली. एरंडोल गेलं. मी काही सोडणारी नव्हते. पारोळ्याच्या अलीकडे ते आपणहून बोलले. पहिल्या वर्षी ते खरोखरच परीक्षा द्यायला गेले होते. बाहेर आल्यावर नरडाण्याकडचा, त्यांच्याच गावचा एक मुलगा भेटला. त्याची परीक्षा पुढच्या तुकडीत होती. रडवेला झाला होता, काय विचारतात तेच ठाऊक नाही म्हणून. भाऊंनी आठवेल तेवढं सांगितलं, तीस-बत्तीस प्रश्न. तो लागला. भाऊ थोडक्यात गेले.

"तेव्हा कळलं ताई, की हे काम आपल्याला जमतं. पेपर लिहिणारे पुष्कळ आहेत. आणणारा कोण आहे?"

"मग दोन्ही करा ना! आणाही आणि लिहाही."

"एका स्टिकमध्ये दोन मजकूर बसत नाहीत. गणितं करायला गेलो की आधीचं जुळवलेलं सांडतं. करून पाहिलंय मी."

मला इतका संताप आला! कुणावर ते कळेना. पुढे निकाल लागला आणि मी पाच मार्कांनी गेले, तेव्हा त्याचाही राग त्यात मिसळला.

पुढचं वर्ष भाऊंचं शेवटचं. वयाची अट सव्वीस. त्यांना राखीव जागेमुळे पाच वर्षं जास्त मिळत, ती संपत आली होती. म्हणजे ते फक्त एकतीस वर्षांचे होते हो! आम्हाला ते केवढे म्हातारे वाटायचे.

हे मला त्यांच्या आईने सांगितलं. मायलेक देवपुरात, पांझरेच्या पलीकडे राहायचे. मी कागद पोचवायला गेले होते, भाऊ घरी नव्हते. आई दारात गहू पाखडत बसली होती. पांढरं लुगडं, कारण पौर्णिमा होती आणि तिला विहारात जायचं होतं. तिने मला बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"खरं सांग बेटा. मना पोऱ्या पेपर लिखस का नही?"

मला खोटं बोलता येतं, पण त्या बाईसमोर जमेना.

"माले वाटेच," ती म्हणाली. "इतला हुशार पोऱ्या, सात सात येळा नापास कसा व्हई? बेटा, औंदा शेवटलं शे. त्याले सांग, औंदा सोतासाठे लिख. मन्हं ऐकस नही तो. तुमनं ऐकी."

मी तिला शब्द दिला. दोन्ही हात हातात घेऊन दिला. म्हटलं, आई, या वर्षी भाऊ स्वतःचाच पेपर लिहितील, ते माझ्याकडे लागलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सरळ तोंड उघडलं. आम्ही सातजण होतो. पाच मुलगे, दोन मुली. म्हटलं, प्रश्न पन्नास, आम्ही सात. प्रत्येकी सात सात आम्ही आणतो. भाऊंनी या वर्षी काही आणायचं नाही, फक्त लिहायचं. दोंडाईच्याहून रोज पहाटेच्या गाडीने येणारा एक अबोल मुलगा होता, तोसुद्धा उठून उभा राहिला. "भाऊ, तुमची शपथ. आम्ही आणू."

भाऊंनी चुकलेला खिळा उपसायचा चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "सात सत्ते एकोणपन्नास होतात."

"मग?"

"पन्नासावा तेवढा माझा. एक तर ठेवा मला." आणि खळखळून हसले. तसं हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे दोन महिने त्यांनी आम्हाला जुळवायला शिकवलं. प्रश्न वाचायचा, डोळे मिटायचे, बोटांनी ओळ बसवायची, मग पुढचा. माझ्या वाट्याला पंधरा ते एकवीस. मला ते छान जमू लागलं होतं, चांगली दहा-दहा मिनिटं डोक्यात टिकायचं. आणि भाऊ? ते समोर बसून गणितं सोडवायचे! नफा-तोटा, काळ-काम-वेग. चुकले की जीभ चावायचे, आणि फैजपूरवाला त्यांना ऐटीत म्हणायचा, "उद्या भेटू साहेब." असा आनंदी छापखाना मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. शेठजीसुद्धा आठऐवजी साडेआठला यायला लागले.

परीक्षा रविवारी, जळगावला. भाऊंच्या आईने सगळ्यांसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. एस.टी.त बसताना तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मान हलवली.

आता जे सांगायचंय ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

पेपर हातात आला. इंग्रजी बऱ्यापैकी सोपं होतं. चौदा प्रश्न झाले, पंधरावा आला. मी वाचला, डोळे मिटले, बोटं हलवली. आणि डोळ्यांसमोर अक्षरं येईनात, मंगळवार यायला लागला. मंगळवारी मला बघायला पाहुणे येणार होते. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, या खेपेला नंबर लागला तर नोकरी, नाहीतर त्या घरी होकार. गणिताचा भाग पुढे तसाच होता. घड्याळ भिंतीवर ठकठक करत होतं. मी मनाशी म्हटलं, बाकीचे सहाजण आणतायत ना? माझे सात नसले तर कुठे आभाळ कोसळतंय? एकोणपन्नासातले सात. भाऊ समजून घेतील. आणि मी खटकन गोल काळा करून सोळाव्यावर गेले. त्यानंतर मी मान वर केली नाही. शेवटची घंटा झाली तेव्हा माझ्या उत्तरपत्रिकेत एक जागा रिकामी नव्हती.

परीक्षा झाली त्या शाळेसमोर चिंचेचं झाड होतं. ठरल्याप्रमाणे सगळे तिथे जमलो. भाऊ वही-पेन घेऊन बसले होते. त्यांनी उत्साहाने विचारलं, "हं, एक ते सात कोण?"

एक ते सातवाल्याला दोन आठवत होते. आठ ते चौदावाली माझी मैत्रीण, ती एकदम रडायलाच लागली. मग माझी पाळी. मी म्हटलं, "भाऊ, तीन-चार चांगले बसले होते, पण बाहेर येता येता निसटले." साफ खोटं. एकही बसला नव्हता. फैजपूरवाल्याने चार आणले होते, तो सगळ्यांत इमानदार. दोंडाईच्याच्या मुलाने एक सांगितला, त्यातही पर्याय तीनच. आणखी दोन इकडचे तिकडचे. सगळे मिळून नऊ. सातही जणांनी बाकावर बसून तोच विचार केला होता, की दुसरे आणतायत.

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भाऊंनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. बोलायलाच हवं होतं त्यांनी. त्यांनी वही माझ्या हातात दिली.

"ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

आणि डोळे मिटले. डावी मूठ वळली. उजवा हात मांडीवर फिरू लागला. "पहिला," ते म्हणाले. मग दुसरा. मग तिसरा. चारी पर्यायांसकट, संथ, एका लयीत. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला आमच्या सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला, की हे काय चाललंय, आणि त्याचा अर्थ काय. पंधराव्याला माझं पेन थांबलं. भाऊंचा हात थांबला नाही. मला माझे सातही प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकत लिहावे लागले. लिहिताना एकेक ओळखू येत होता.

"पन्नासावा," ते शेवटी म्हणाले. "हा तर माझाच होता."

दर वर्षी परीक्षेनंतर भाऊ सगळ्यांना भरीत-पुरी खायला नेत. त्या दिवशीही नेलं. जळगावचं थंडीतलं भरीत, त्याचा वास गल्लीभर सुटलेला, आणि आमच्यापैकी एकाचाही हात पानाकडे जाईना. भाऊंनी मात्र दोनदा मागून घेतलं. फैजपूरवाल्याला म्हणाले, "खा साहेब, वांगी तुमच्याकडचीच आहेत."

एस.टी.त मी त्यांच्या शेजारी बसायचं टाळत होते. त्यांनीच जागा धरून ठेवली होती.

"भाऊ, तुम्ही लिहिणार होतात."

"बसलो होतो ना लिहायला. पहिले दहा लिहिलेसुद्धा. मस्त वाटत होतं." ते खिडकीबाहेर बघत होते. "मग सहज मान वर केली. तुम्ही सगळे मान खाली घालून गोल काळे करत होतात. एकाचंही बोट हलत नव्हतं. म्हटलं, हा पेपर इथेच राहून जाईल. पुढच्या वर्षीच्या पोरांना काय दाखवायचं?"

"जाऊ दे म्हणायचं होतं! एक वर्ष नसता आला पेपर!" मी जवळजवळ ओरडले. आमच्या चुकीचा राग मी त्यांच्यावर काढत होते, दुसरं काय!

ते आमच्याशी नेहमी छापील मराठी बोलत. त्या वेळी घरचं बोलले. "हात आपोआप चालू पडी गया ताई. मी काय करू?"

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमचा कसा गेला?"

"चांगला गेला."

"मग झालं," ते म्हणाले, आणि डोकं मागे टेकून खरोखरच झोपले.

मंगळवारचे पाहुणे येऊन गेले, निकाल लागेपर्यंत बाबांनी त्यांना थोपवून धरलं. निकालात आमच्या सातांतले तिघं होते. फैजपूरवाला नव्हता. मी होते.

पेढ्यांचा पुडा घेऊन मी आधी छापखान्यात गेले. भाऊ नव्हते, कागद आणायला गेले होते. मग देवपुरात गेले. मनात पक्कं करून गेले होते, की आईच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सगळं सांगायचं. मी शब्द दिला होता, मीच मोडला.

आई मला बघून उठलीच. पुडा बघून तिला कळलं. दोन्ही हातांनी माझ्या गालांवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. मग आत गेली आणि एक घडी केलेला कागद घेऊन आली. नवा सराव-कागद होता, त्याच पेपरचा. मागे कुठल्याशा लग्नाचा गणपती.

"मना पोऱ्यानी दिना माले. म्हणे, आठे खाले तुमना बठ्ठास्ना नाव शेत. माले वाचता येस नही. वाच तू."

तळाशी ती बारीक टाइपातली ओळ होती, पण या वेळी एक ओळ नव्हती. आठ होत्या. 'प्रश्न आणणार', आणि खाली एक ते सात, आठ ते चौदा, अशी आमची सातही जणांची पूर्ण नावं, एकेक खिळा नीट बसवून. त्या अक्षरांवरून मी बोट फिरवलं. 'पंधरा ते एकवीस' आणि पुढे माझं नाव, वडिलांच्या नावासकट. शेवटची ओळ, 'पन्नास : एक परीक्षार्थी.'

"वाच ना माय," आई म्हणाली.

मी वाचलं. मोठ्याने, सातही नावं. माझं मी भराभर, खाली बघत वाचलं. आईला वाटलं मी लाजले.

"भाऊनी सांगं माले," ती म्हणाली. "तुम्ही बठ्ठास्नी आपापलं काम करं. त्यानी बी औंदा पेपर लिखा. नंबर लागना नही, त्याले तुम्ही काय करशात? तुमना काय दोष?" तिने डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच सोडून दिला. "तू तुना शब्द पाळा, बेटा."

आता बोल, मी स्वतःला म्हणत होते. आता बोल.

तिने पुड्यातला पेढा काढला, अर्धा मोडला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"खाय ले माय."

मी तोंड उघडलं, आणि पेढा खाल्ला.